‘पीआयडी सांभाळून घेईल’ : रोबोटच्या आर्मसाठी मोटर आणि गिअरबॉक्स निवडताना

(या भागात आकडे बरेच आहेत. ऐकताना सुटले तर इथे वाचा. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)



गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. “दादा, रोबोकॉनसाठी आर्म बनवतोय, कुठली मोटर घेऊ?” कुणी मोटरचा फोटो पाठवतं, कुणी शॉपिंग साइटची लिंक. आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ही चालेल का?’

तर आज त्याचं उत्तर. पण आधीच सांगतो, मी मेकॅनिकलवाला नाही. मी कोड लिहिणारा माणूस. बीटेकला असताना टीममध्येही कोडच लिहायचो. तरी या विषयावर बोलतोय, कारण यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय. आणि ती एका वाक्याची चूक होती. ते वाक्य म्हणजे, “अगं, पीआयडी लावतोय ना, सांभाळून घेईल.”

झालं काय होतं

२०१८ ची गोष्ट. त्या वर्षीची एबीयू रोबोकॉन व्हिएतनाममध्ये होती, निन बिन्हला. खेळ होता ‘नेम कोन’. व्हिएतनामच्या उत्तर भागातला पारंपरिक खेळ आहे हा. झालर लावलेला चेंडू उंच खांबावरच्या रिंगमधून फेकायचा. रोबोकॉनमध्ये त्याचं असं केलं होतं की मॅन्युअल रोबोट रॅकमधून चेंडू उचलणार, ऑटोमॅटिक रोबोटच्या हातात देणार, आणि मग ऑटोमॅटिक रोबोट तो रिंगमधून फेकणार. मॅच तीन मिनिटांची. भारताची राष्ट्रीय फेरी पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात.

आमच्या मॅन्युअल रोबोटला एक आर्म होता. काम साधं. खालून चेंडू पकडायचा, वर यायचं, आडवं व्हायचं, समोरचा रोबोट जागेवर येईपर्यंत तसंच थांबायचं, आणि त्याच्या पकडीत चेंडू सोडायचा. बस.

आर्मची लांबी ८० सेंटीमीटर. मोटर निवडताना आम्ही फायनल इयरवाल्यांनी काय हिशेब केला? चेंडू हलका. उदार मनाने ३०० ग्रॅम धरू. ०.३ किलो गुणिले ८० सेंटीमीटर, झाले २४ किलो-सेंटीमीटर. मोटरच्या लेबलवर टॉर्क १२० किलो-सेंटीमीटर, स्पीड ६० आरपीएम, १२ व्होल्ट. म्हणजे पाचपट! चहा मागवला, ऑर्डर टाकली, विषय संपला.

सेकंड इयरची एक मुलगी होती मेकॅनिकलच्या टीममध्ये. दोन दिवसांनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. माझ्याकडे का? कारण मेकॅनिकलच्या सीनिअरने तिला ‘ऑर्डर गेलीय आता’ म्हणून परत पाठवलं होतं. म्हणाली, “दादा, यात ग्रिपरचं वजन धरलंय का? आणि पाइपचं?” आणि मी स्क्रीनवरून मान वर न करता ते वाक्य बोललो. पीआयडी सांभाळून घेईल.

तिच्या वहीत काय होतं ते आता तुम्हाला सांगतो, कारण तोच आजचा खरा विषय आहे.

पहिली पायरी : सगळं वजन करा, सगळं

आर्म नुसता चेंडू उचलत नाही. तो स्वतःलाही उचलतो. आमच्या आर्मच्या टोकाला पकड होती, पकडीला न्यूमॅटिक सिलिंडर, त्याचे ब्रॅकेट, नट-बोल्ट, आणि कहर म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्हसुद्धा टोकालाच बसवला होता, कारण ‘पाइप छोटा पडतो’. चेंडूसकट हे सगळं मिळून एक किलो. एक किलो गुणिले ८० सेंटीमीटर, झाले ८०.

आता पाइप. २५ मिलिमीटर चौकोनी ॲल्युमिनियमचा, दीड मिलिमीटर जाडीचा. ८० सेंटीमीटरला साधारण ३०० ग्रॅम भरतो. त्याचं वजन मध्यावर धरायचं, म्हणजे ४० सेंटीमीटरवर. ०.३ गुणिले ४०, झाले १२.

एकूण ९२ किलो-सेंटीमीटर. आमचा आकडा होता २४.

दहा किलो-सेंटीमीटर म्हणजे जवळपास एक न्यूटन-मीटर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. तर हे झाले साधारण ९ न्यूटन-मीटर. आणि हा आकडा आर्म आडवा असतानाचा आहे, तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो. आर्म ६० अंश वर गेला की निम्मा होतो, सरळ उभा केला की शून्य. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरा आणि तीच हात लांब करून धरा, आपोआप कळेल. आमचं दुर्दैव असं की आमच्या आर्मचं काम आडवं होऊन थांबायचंच होतं.

हे मोजायची सोपी पद्धत सांगू? प्रवासाच्या बॅगेचं वजन करायचा तो लटकवायचा डिजिटल काटा मिळतो ना, तो घ्या. आर्म मोटरपासून सोडवा, पिव्हटवर मोकळा ठेवा, टोकाला काटा अडकवून आडवा तोलून धरा. काट्यावरचा आकडा गुणिले पिव्हटपासूनचं अंतर. आर्म तयार नसेल तर कॅडमधून काढा, पण नट-बोल्ट धरा. कॅडमध्ये वायर आणि पाइप कुणीच काढत नाही, त्यामुळे वरून थोडं वाढवाच.

लेबलवरचा टॉर्क म्हणजे नक्की काय

आता तुम्ही म्हणाल, ९२ तर ९२, मोटर १२० ची आहे ना? मग उचलेल की!

उचलते. म्हणूनच तर फसायला होतं.

बहुतेक वेळा लेबलवर मोठ्या अक्षरात जो टॉर्क असतो तो स्टॉल टॉर्क असतो. स्टॉल म्हणजे मोटर जाम झालेली, फिरत नाही, आणि जीव तोडून करंट खातेय. त्या क्षणाचा टॉर्क. आणि लेबलवरचा स्पीड असतो नो-लोड, म्हणजे शाफ्टला काहीच लावलेलं नाही तेव्हाचा. हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. लग्नाच्या बायोडेटासारखं आहे. प्रत्येक ओळ खरी असते, पण सगळ्या एकाच दिवशी खऱ्या नसतात.

साध्या ब्रश असलेल्या डीसी मोटरचा हिशेब सरळ रेषेचा आहे. लोड शून्य, तर स्पीड पूर्ण. लोड स्टॉलइतका, तर स्पीड शून्य. मधे सरळ रेष. आणि करंट लोडबरोबर वाढत जातो.

आमचं गणित करू. १२० पैकी ९२, म्हणजे ७७ टक्के लोड. मग स्पीड उरला २३ टक्के. ६० चे २३ टक्के, साधारण १४ आरपीएम. १४ आरपीएम म्हणजे ९० अंश फिरायला एका सेकंदाहून जरा जास्त. आम्हाला हवं होतं तेवढंच! वर्कशॉपमध्ये आर्म छान वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण त्या वेळी मोटर स्टॉल करंटच्या ७७ टक्के करंट खात होती. आणि वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे वाक्य डोक्यात ठेवा, परत येतोय यावर.

थांबलेला आर्म सगळ्यात जास्त दमतो

आर्म आडवा थांबलाय. हलत नाही. फिजिक्सच्या हिशेबाने काम शून्य. पण मोटरला ९२ चा टॉर्क सतत द्यायचाच आहे, नाहीतर आर्म खाली येईल. मग बॅटरीतून येणारी सगळी, म्हणजे अगदी सगळी पॉवर वाइंडिंग तापवण्यात जाते. शिवाय मोटर फिरत नाही, त्यामुळे आतली हवाही हलत नाही.

आणि थांबायला सांगत कोण होतं? माझा कोड.

आर्म जरा खाली झुकायचा. एन्कोडर सांगायचा, दोन अंश कमी. पीआयडीतला ‘आय’ हळूहळू साठत जायचा, पीडब्ल्यूएम वाढवायचा, आर्म जागेवर. मला वाटायचं काय भारी ट्यूनिंग केलंय! आर्म झुकला की मी ‘आय’चा गेन वाढवायचो. मोटरला हात लावला तर चटका बसायचा. मी म्हणायचो, “पाच मिनिटं थंड होऊ दे.” खरं तर तो चटका हेच उत्तर होतं, पण मला ते वाचता येत नव्हतं.

बालेवाडीत दुसऱ्या मॅचला आर्म वर गेला, आडवा झाला, थांबला. समोरचा रोबोट लाइनवर जागा शोधत होता. चार सेकंद, पाच सेकंद. आणि आर्म खाली यायला लागला. एकदम नाही, हळूहळू, झोप आलेल्या माणसाची मान झुकते तसा. नंतर लॉग बघितला तर पीडब्ल्यूएम २५५ वर जाऊन बसलेला. आठ बिटमध्ये २५५ म्हणजे सगळं. त्यापुढे द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. चेंडू समोरच्या पकडीच्या चार बोटं खाली गेला, कडेला आपटला, पडला. परत प्रयत्न, परत तेच. तीन मिनिटं संपली.

संध्याकाळी स्टँडमध्ये बसलो होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ती वही घेऊन आली. या वेळी मी मान वर केली.

तिने दोन ओळी वाढवल्या होत्या. पहिली, बॅटरी. लेबलवरचे १२० हे १२ व्होल्टला. आम्ही वर्कशॉपमध्ये एसएमपीएसवर टेस्ट केलं होतं, सरळ १२ व्होल्ट. मैदानावर तीन सेलची लिपो. मॅच चालू असताना, चारही चाकांच्या मोटर करंट ओढतायत, तेव्हा व्होल्टेज साडेदहापर्यंत उतरत होतं. स्टॉल टॉर्क व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होतो. १२० चे झाले १०५.

दुसरी ओळ, तापमान. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के. वाइंडिंग ६० अंशांनी तापलं, जे चटका बसणाऱ्या मोटरमध्ये अजिबात अवघड नाही, तर रेझिस्टन्स जवळपास २४ टक्के वाढतो. त्याच व्होल्टेजला करंट कमी, म्हणून टॉर्क कमी. १०५ चे झाले ८५.

हवेत ९२. आहेत ८५. एवढंच. जगातला कुठलाही पीआयडी ८५ मधून ९२ काढू शकत नाही.

ती म्हणाली, “दादा, कोडची चूक नाहीये.” तिने समजूत काढायला म्हटलं असेल. मला मात्र ते फार लागलं, कारण कोडची चूक नव्हतीच. महिनाभर तो कोड आमची चूक झाकत होता, आणि तो लिहिणारा मी होतो.

मग करायला काय हवं होतं?

आता इथे नीट ऐका, कारण हे मलाही पहिल्यांदा खोटं वाटलं होतं.

तीच मोटर. तीच बॅटरी. तोच आर्म. फक्त मोटर आणि आर्मच्या मधे एक चेन. मोटरवर १५ दातांचं स्प्रॉकेट, आर्मच्या शाफ्टवर ४५ दातांचं. तीनास एक.

टॉर्क तिप्पट, ३६०. चेनमध्ये थोडं वाया जातं, पाच टक्के धरू, उरले ३४२. नो-लोड स्पीड एक तृतीयांश, म्हणजे २० आरपीएम. लगेच वाटतं, अरे, आर्म आता रांगणार! बघू. ३४२ पैकी ९२ म्हणजे २७ टक्के लोड. स्पीड उरला ७३ टक्के. २० चे ७३ टक्के किती? साधारण साडेचौदा आरपीएम.

आधी किती होता? चौदा.

म्हणजे आर्म तेवढाच वेगात, केसभर जास्तच. पण करंट? आधी स्टॉलच्या ७७ टक्के, आता २७ टक्के. उष्णता वर्गाने जाते, म्हणून ७७ भागिले २७, त्याचा वर्ग. जवळजवळ आठ. तोच वेग, तोच आर्म, आणि उष्णता एक अष्टमांश!

हे कसं काय? कात्रजचा घाट टॉप गिअरमध्ये चढवून बघा. गाडी चढेल कदाचित, गुरगुरत, धक्के देत, गरम होत. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, तेवढ्याच वेगाने आरामात चढेल, कारण इंजिन आता त्याला सोसेल अशा ठिकाणी फिरतंय. मोटरचंही तेच. डीसी मोटर सगळ्यात जास्त पॉवर देते निम्म्या स्पीडला. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पॉवर सारखीच घसरते, म्हणून एकाच कामासाठी दोन जागा मिळतात. एक तापट, एक थंड. आपण नेहमी थंड बाजू घ्यायची.

गिअर पॉवर वाढवत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. तो फक्त वेग देऊन टॉर्क घेतो. म्हणून रेशो ठरवायच्या आधी मोटरमध्ये तेवढी पॉवर आहे का ते बघा. आमच्या आर्मला ९ न्यूटन-मीटर हवे, सेकंदाला ९० अंश म्हणजे १.५७ रेडियन. गुणाकार, १४ वॉट. मोटरची जास्तीत जास्त पॉवर म्हणजे स्टॉल टॉर्क गुणिले नो-लोड स्पीड भागिले चार. आमच्या मोटरची येते साधारण साडेअठरा वॉट. बसतंय, पण काठावर. आज मी निवडली तर याच्या दुप्पट-तिप्पट पॉवरची घेईन. समजा मोटरची पॉवर दहाच वॉट असती, तर कुठलाही गिअरबॉक्स लावून उपयोग नव्हता. लोक इथेच अडकतात. रेशो बदलत बसतात, आणि मुळात विहिरीत पाणीच नसतं.

आणि एक, हलायला सुरुवात करताना जास्तीचा टॉर्क लागतो. आमचा आर्म ०.३ सेकंदात पूर्ण वेगात आणायचा तर अजून साधारण ३७ किलो-सेंटीमीटर. ९२ अधिक ३७, १२९. डायरेक्ट लावलेली १२० ची मोटर हे करूच शकत नव्हती, म्हणून ती सुरुवातीला अंग झाडत उठायची. ३४२ वाल्या जोडणीला ते सहज जमलं असतं.

म्हणून अंगठेबाज नियम : आडवा आर्म धरून ठेवायला जेवढा टॉर्क लागतो, तो स्टॉलच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. ९२ असेल तर स्टॉल ३६० ते ३७०. यात तापमान, बॅटरी, घर्षण, सुरुवातीचा धक्का, सगळं पोटात घेतलं जातं.

अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत शाळकरी मुलंसुद्धा हा हिशेब करतात, कारण तिथे मोटरचे पूर्ण आकडे मिळतात. तिथली जुनी प्रसिद्ध सिम मोटर घ्या. नो-लोड ५३३० आरपीएम, स्टॉल टॉर्क २.४१ न्यूटन-मीटर, स्टॉल करंट १३१ अँपिअर. आणि एका मोटरच्या लाइनवर ब्रेकर जास्तीत जास्त ४० अँपिअरचा. म्हणजे स्टॉलजवळ लोळत पडायची सोयच नाही, ब्रेकर उडतो. आपल्याकडे बऱ्याच मोटरना डेटाशीट नसते, लेबलच असतं. मग स्वतः मोजा. शाफ्टला पट्टी बांधा, पट्टीच्या टोकाला तोच लगेज काटा, आणि एक-दोन सेकंदच पॉवर द्या. त्याहून जास्त नको, मोटर जळेल. आणि दात कच्चे असतील तर निम्म्या व्होल्टेजला मोजा, टॉर्क दुप्पट करून घ्या.

गिअरबॉक्स कुठला?

आता प्रकार भराभर बघू.

स्पर गिअरबॉक्स, म्हणजे एका बाजूला एक दात बसवलेली साधी चक्रं. स्वस्त, सगळीकडे मिळतो. पण दातांमधली मोकळीक जास्त असते, आणि शेवटच्या जोडीचे एक-दोनच दात सगळा भार झेलतात.

प्लॅनेटरी. मधे एक चक्र, भोवती सहसा तीन, बाहेर कडं. भार तिघांत वाटला जातो, म्हणून तेवढ्याच आकारात जास्त टॉर्क सोसतो. महाग, पण आर्मसाठी बजेट असेल तर हाच.

वर्म. कारचा वायपर किंवा पॉवर विंडोची मोटर. भंगारबाजारात मिळते, म्हणून आपली लाडकी. हिचा मोठा गुण म्हणजे बहुतेकदा पॉवर बंद केली तरी आर्म आहे तिथे राहतो. आमच्यासारख्या ‘आडवं होऊन थांब’ कामाला हे सोनं आहे. पण घर्षणात पॉवर खूप जाते, निम्मी किंवा त्याहून जास्त, त्यामुळे वर जाताना मोटर जोरदार हवी. आणि आर्म कुठे आपटला तर धक्का मागे मोटरपर्यंत जात नाही, दातच खातात.

लहान सर्व्हो, एमजी ९९६ आर वगैरे. सहा व्होल्टला स्टॉल टॉर्क साधारण ११ किलो-सेंटीमीटर. चौथाई नियम लावा, उरले पावणेतीन. म्हणजे पकड उघड-बंद करायला, मनगट फिरवायला ठीक. खांद्याला लावू नका. दर वर्षी कुणीतरी लावतंच.

स्टेपर, नेमा १७ वगैरे. १७ म्हणजे पुढच्या तोंडाचा आकार, १.७ इंच. टॉर्कशी त्याचा संबंध नाही. स्टेपर स्टेप चुकली तर सांगत नाही, आणि साधा ड्रायव्हर असेल तर थांबलेली असतानाही करंट खाते. आर्मवर वापरायचीच तर एन्कोडर लावा.

आणि अजून एक. गिअरबॉक्सचीही स्वतःची मर्यादा असते. मोटर आत कितीही जोर लावेल, पण शेवटच्या गिअरचे दात किती सोसतील हा वेगळा आकडा आहे. आर्म सरळ मोटरच्या सहा मिलिमीटर शाफ्टवर लटकवू नका. आर्मला त्याचा वेगळा जाड शाफ्ट द्या, दोन बाजूंना बेअरिंग द्या, वजन बेअरिंगवर जाऊ द्या. मोटरने फक्त फिरवायचं काम करावं, ओझं वाहायचं नाही.

कोडवाल्यांसाठी खास : मोकळीक, म्हणजे बॅकलॅश. गिअरबॉक्समध्ये दोन अंशांची ढिलाई असेल तर ८० सेंटीमीटर आर्मच्या टोकाला ती जवळजवळ २.८ सेंटीमीटर होते. मधे तीनास एक चेन असेल तर गिअरबॉक्सची ढिलाई आर्मवर एक तृतीयांश दिसते, एक सेंटीमीटरच्या आत. चेन मात्र ताणलेली हवी, नाहीतर तिचीच ढिलाई येऊन बसते. आणि एन्कोडर आर्मच्या शाफ्टवर लावा. मोटरवर लावला तर तुम्हाला मोटरचा अँगल कळतो, आर्मचा नाही.

मोटर बदलता येत नसेल तर

स्पर्धा उद्या आहे, मोटर मिळणार नाही. आमचंही तेच होतं. स्प्रॉकेट शोधायला वेळ नव्हता. मग दोन गोष्टी केल्या, दोन्ही तिच्या वहीतल्या.

एक, टोकाचं वजन काढलं. सोलेनॉइड व्हॉल्व्ह टोकावरून काढून खाली बेसवर आणला. टोकाचे प्रत्येक शंभर ग्रॅम म्हणजे ८ किलो-सेंटीमीटर, आणि चौथाई नियमाने मोटरच्या स्टॉलमध्ये ३२. टोकाला फार महाग भाडं असतं, तिथे गरजेपुरतंच सामान ठेवा.

दोन, सायकलची ट्यूब. खरंच. कापून पट्ट्या केल्या, पिव्हटपासून १० सेंटीमीटरवर आर्मला बांधल्या आणि वरच्या खांबाला ताणल्या. लगेज काटा लावून आडव्या आर्मला साडेचार किलोची ओढ येईपर्यंत पट्ट्या वाढवल्या. साडेचार गुणिले दहा, ४५ किलो-सेंटीमीटर. म्हणजे निम्मं ओझं ट्यूबने उचललं, फुकटात, करंट न खाता. सावध मात्र राहा. अशा आर्मवरून कुणी ग्रिपर काढला तर आर्म झटक्याने वर येतो. आमच्या एकाच्या हनुवटीने तो धडा घेतला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या मॅचला आर्म आडवा झाला आणि थांबला. समोरचा रोबोट आला, चेंडू दिला, त्याने फेकला. मी लॅपटॉपवर पीडब्ल्यूएम बघत होतो. शंभरच्या आसपास, शांत. मोटर कोमट.

पण तोपर्यंत आम्ही बाहेर पडलो होतो. पुढची फेरी नव्हती. आठ महिने, चौदा पोरं, रात्रीची वर्कशॉप, घरी खोटं सांगून थांबलेले शनिवार-रविवार. आणि चूक एका गुणाकाराची होती, जो एका पोरीने वेळेत केला होता.

पुढच्या वर्षी ती मेकॅनिकलची लीड झाली. मी पास होऊन गेलो होतो, पण टीमला भेटायला गेलो तर वर्कशॉपच्या भिंतीवर एक कोरा फॉर्म चिकटवलेला होता. त्यावर असं. टोकाचं एकूण वजन. आर्मचं वजन. लांबी. आडवा टॉर्क. हवा तो वेग. लागणारी पॉवर. मोटरची पॉवर. रेशो. लोडची टक्केवारी. आणि शेवटची ओळ, ‘हे दुसऱ्या कुणी तपासलं?’, पुढे सहीची जागा. हा कागद भरल्याशिवाय ऑर्डर जायची नाही. मी तिला विचारलं, सही कुणाची लागते? म्हणाली, “ज्युनिअरची. सीनिअरची चालत नाही.”

तर मंडळी, ‘ही मोटर चालेल का’ असा मेसेज यापुढे पाठवलात तर मी आधी त्या कागदाचा फोटो मागणार. रागावू नका. तो कागद भरलात की बहुतेक वेळा मला विचारायची गरजच उरणार नाही.

कोडवाल्यांना एकच सांगणं. आर्म धरून ठेवताना तुमचा पीडब्ल्यूएम किती आहे ते प्रिंट करून बघा. निम्म्याच्या वर असेल तर गेनला हात लावू नका. उठा आणि मेकॅनिकलच्या टेबलावर जाऊन बसा. तिथे कुणाची तरी वही असेल.

पुढच्या भागात मोटर ड्रायव्हर, आणि ते का जळतात. तोपर्यंत वजन करा, गुणाकार करा, आणि मोटरला हात लावून बघत जा. काळजी घ्या, भेटूया!